तळ्याकाठचा दहावा

संगीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी तोझाई लाइनच्या गाडीत होतो आणि मी तो कापला. एकदा नाही, दोनदा. जपानात गाडीत फोनवर बोलायचं नसतं, आणि सोळा वर्षांत या देशाचा जो एकमेव शिष्टाचार मला नीट जमलाय तो हाच. दुसऱ्यांदा कापताना फोननेच एक तयार उत्तर पुढे केलं आणि मी ते दाबून टाकलं, 'गाडीत आहे, सावकाश बोलू.' सावकाश! जिचा नवरा अर्ध्या तासापूर्वी कावासाकीच्या ऑफिसात बसल्या खुर्चीत गेला होता, त्या बाईला मी हे पाठवलं. उतरल्यावर तिसरा फोन आला तो मिहिकाचा, त्यांच्या मुलीचा. ही पोर इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, पण आपण मराठीत विचारलं की उत्तर जपानीत येतं. त्या दिवशी मात्र ती मराठीत बोलली. "काका, बाबा गेले. आई म्हणते तुम्ही या." एवढंच. अगदी शुद्ध, तोललेलं, शाळेत पाठ करून आल्यासारखं... मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो आणि तीन गाड्या समोरून जाऊ दिल्या. चौथीत चढलो, ती उलट दिशेची निघाली.

कमळाकर तांडेल. अर्नाळ्याकडचा कोळी, धंद्याने सॉफ्टवेअरवाला, वय चोपन्न. राहायला निशी-कसाईत. मी ग्योतोकुला, त्याच लाइनवर चार स्टेशनं पुढे. आमची ओळख भूकंप झाला आणि अणुभट्टी फुटली त्या वर्षीची. त्या आठवड्यात आपल्या लोकांनी भरलेलं निशी-कसाई रिकामं झालं होतं. मिळेल त्या विमानाने लोक पुण्या-मुंबईला निघून गेले. मी गेलो नाही. आजही इथल्या गणपतीत नव्या मुलांना माझी ओळख 'हे तेव्हा पळाले नाहीत हं' अशी करून देतात आणि मी विनयाने मान खाली घालतो. खरी गोष्ट अशी, की माझा पासपोर्ट सापडत नव्हता. बायको-मुलांना पुढे पाठवलं आणि मी कपाटं उपसत बसलो. तो जून महिन्यात इस्त्रीच्या टेबलाच्या कव्हराखाली निघाला. चोरांच्या हाती लागू नये म्हणून मीच ठेवला होता.

कमळाकर मात्र खरोखरच थांबला होता. ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्यांनी घरी जायचं सोडून कामाला यायचं ठरवलं, तर आपण कोणत्या तोंडाने जायचं, असा त्याचा साधा हिशेब. भारतीय किराणा दुकानात तूरडाळीचं शेवटचं पाकीट आम्ही दोघांनी एकाच वेळी धरलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात काढून घेतला. "घ्या पंत, तुम्ही घ्या. डाळीवाचून तुमचं काय होईल? आम्ही काय, मासे खाऊ." मग आत्ता या देशात मासे खायला कोण धजावणार हे त्याच्याच ध्यानात आलं आणि तो एवढा हसला, की त्या भेदरलेल्या दिवसांत दुकानदार बाहेर डोकावून गेला, पुन्हा जमीन हलली की काय म्हणून. त्या दिवसापासून मी 'पंत' आणि तो 'कमळ्या'.

पुढच्या वसंतात त्याने मला ट्राउट धरायला नेलं. उत्तरेकडच्या डोंगरात एक तळं आहे. नाव सांगत नाही, कारण आम्ही तिथे जे केलं ते नियमात बसत नाही आणि तिथला मॅनेजर अजून नोकरीवर आहे. तळ्यात दरवर्षी मत्स्यशेतीतले ट्राउट आणून सोडतात. मे महिन्यात मोसम उघडतो तेव्हा काठाला बर्फ असतो, झाडं उघडी असतात, आणि काठीच्या कड्यांमध्ये पाणी गोठून दोरी अडकते. मासेही थंडीने सुस्त, तळाशी बसलेले. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, नखाएवढी, पाण्यावर अलगद टाकायची, बुडू द्यायची आणि बोटांनी इंच इंच ओढत राहायची. खाण्याचं आमिष लावायला सक्त मनाई. आणि अणुभट्टीच्या अपघातानंतर त्या पाण्यातला मासा घरी न्यायलाही मनाई. धरायचा, बघायचा, सोडायचा. माझ्यासारख्या पिढीजात शाकाहारी माणसासाठी यासारखा खेळ नाही. अर्थात मी धरत काहीच नसे. माझा गळ पहिल्या वर्षी देवदाराला लागला, दुसऱ्या वर्षी माझ्या कानाला, तिसऱ्या वर्षी कमळ्याच्या पार्श्वभागाला. "पंत," तो पाण्यात उभा राहून, मागे न बघता म्हणाला, "मला पण सोडायचंय. घरी न्यायचं नाही."

तळ्यावरून तो आईला व्हिडिओ कॉल लावायचा. चाळीस वर्षं तिने डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकली होती, त्यातून हा इंजिनीअर झाला. लेकाने हातभर मासा दाखवला की ती खूश व्हायची, आणि मग त्याने तो पाण्यात सोडला की तिचा चेहरा पडायचा. "धरलास नि सोरलास? मेल्या, मग त्या थंडीत मराला कशाला गेलास?" एकदा तिने विचारलं, आमिष काय लावतोस. त्याने माशी कॅमेऱ्यासमोर धरली. "आमिष नाय आये, पिसांची खोटी माशी हाय." म्हातारीने डोळे फोनला लावले. "म्हंजे त्याला खायला पन काय नाय? भुकेल्याला फसवतोस होय रे?" कमळ्या हसला, पण त्या दिवशी त्याने काठी लवकर गुंडाळली.

ती गेली करोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्या आठवड्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. कमळ्या निशी-कसाईच्या त्या दोन खोल्यांत येरझारा घालत वसई-विरारच्या हॉस्पिटलांना फोन लावत होता. खाट मिळते का, ऑक्सिजन मिळतो का, कोणी फोन तरी उचलतं का. धाकटा भाऊ मधू स्वतःच आजारी पडलेला. भारतातून येणाऱ्यांना जपानने दार लावून घेतलं होतं. गेला तर परत बायको-मुलीकडे कधी येईल याची खात्री नाही, आणि गेला तरी पोचेपर्यंत काही उरणार नाही, हेही उघड. मी रोज जायचो. काय करायचं कळेना म्हणून भांडी घासायचो. दुसऱ्या दिवशी मी त्यांचा नॉनस्टिक तवा तारेने खरवडून ठेवला. सहाव्या दिवशी फोन आला. पालिकेच्या माणसांनी तिला परस्पर नेलं होतं. तोंड कोणी पाहिलं नाही, पाणी कोणी घातलं नाही. कमळ्या फोन हातात धरून उभा होता. "पंत, तिच्या अंगावर लुगडं कोणतं होतं रे?" त्याने मला विचारलं... मला!

मधू खाटेवर, तेव्हा दहावा कमळ्यानेच करायचा ठरला. पाण्याकाठी करायचा, म्हणून जागा मी सुचवली. तळ्याला वरून एक ओढा येऊन मिळतो, वाहतं पाणी आहे, मोसम उघडून दोन दिवस झालेत, आठवड्याच्या मधल्या वारी चिटपाखरू नसतं. या बुद्धिमान सूचनेत चिटपाखरू नसण्यातली अडचण मला दिसली नाही. आमच्या बिल्डिंगपाशी जळाऊ कचऱ्याच्या दिवशी कोंबडीएवढे कावळे जाळीखालून पिशव्या ओढून काढतात. तिथे पिंड ठेवला असता तर अर्ध्या मिनिटात शिवले असते. पण नाही, मी माणसाला चार तास गाडीत घालून अशा ठिकाणी नेलं, जिथे कावळे मासे मारणाऱ्यांचे डबे पळवतात म्हणून मॅनेजरने खोपटाच्या वळचणीला प्लास्टिकचा मेलेला कावळा उलटा टांगून ठेवला होता.

आदल्या रात्री डोकं मीच भादरलं. कानांच्या वर दोन बेटं राहिली, ती झाकायला त्याने मासेमारीची टोपी घातली. पहाटे वहिनींनी कुकरमध्ये भात लावला. जपानी चिकट तांदूळ. इतके घोटीव पिंड आमच्या सात पिढ्यांत कोणाला मिळाले नसतील. ओढ्याच्या तोंडाशी एका सपाट दगडावरचा बर्फ हाताने झाडून त्याने ते मांडले. वसईचे गुरुजी फोनवर होते. संकल्पापर्यंत आले आणि रेंज गेली. "पंत, तू म्हण," कमळ्या म्हणाला. मी म्हणालो, मला काही येत नाही. "काय नाय कसं, तू बामण ना?" मी डोळे मिटले आणि जे संस्कृत पहिल्यांदा तोंडात आलं ते सुरू केलं. दुसऱ्या ओळीवर लक्षात आलं की ही मंगलाष्टकं आहेत. मी गप्प झालो. कमळ्याच्या लक्षात आलं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. त्याने हात जोडलेलेच होते.

कावळा येईना. वर दूर दोन-तीन दिसत होते, फिरत होते, खाली उतरत नव्हते. मग आपल्याकडे करतात तसं तो बोलू लागला. आधी हळू. "आये, मधूला मी बघीन." वाट पाहिली. "आये, मिहिकाला मराठी शिकवीन. तुझ्या नातीशी तुला धड बोलता आलं नाय ना..." वाट पाहिली. ओढ्याचं पाणी वाजत होतं. "आये, पुढच्या वर्षी येतो मी. घरी. कायमचा." माझ्याकडे वळून म्हणाला, "हे खोटं आहे. तिला कळतंय ते. म्हणून येत नाय तो."

एवढ्यात मॅनेजर धावत आला. मोरिता-सान, सत्तरीचा, सुरकुतलेला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. दोन्ही हातांची फुली करून ओरडत होता, की इथे खाद्य टाकायचं नाही, पाण्याजवळ भात आणायचा नाही, पाटी वाचता येत नाही का! मी पुढे झालो आणि माझ्या जपानीत त्याला समजावलं. त्यातून त्याला एवढंच कळलं असावं, की आम्ही दोघं आणि एक म्हातारी इथे जेवायला बसलो आहोत. मग कमळ्याने टोपी काढली. तो अर्धवट भादरलेला गोटा पाहून मोरिता-सान थांबला. कमळ्या त्याच्याशी नीट बोलला. आई गेली, जाता आलं नाही, आज हा भात पक्ष्याने खाल्ला नाही तर ती अडकून राहील. मोरिता-सानने स्वतःची टोपी काढली, दगडाकडे वाकून नमस्कार केला, आणि परत गेला. लांबून बघितलं तर तो शिडी लावून तो प्लास्टिकचा कावळा खाली उतरवत होता.

तरी आला नाही. आम्ही दुपारपर्यंत बसलो. पाय बधिर झाले. आणि मग मी बोललो. कावळा येत नसला तर दर्भाचा कावळा करून शिवतात, हे मला अर्धवट ठाऊक होतं. दर्भ कुठून आणणार? म्हटलं, "कमळ्या, तुझ्या जॅकेटात ती काळी माशी असेल ना, कावळ्याच्या पिसाची? तीच लाव पिंडाला. चालतं तसं." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर मी त्याआधी किंवा नंतर त्याच्या डोळ्यांत पाहिली नाही. "दहा वर्षं या माशांना खोटं खायला घातलं," तो म्हणाला. "आता आयेला पण खोटा कावळा देऊ? तू निघ, पंत. गाडीत जाऊन बस." मी जाऊन बसलो. काळोख व्हायच्या आधी तो आला. पिंड दगडावरच होते. मोरिता-सान म्हणाला होता, मी लक्ष ठेवतो.

त्यानंतर तो झोपेना. चार दिवस, पाच दिवस. वहिनी रडत सांगत होत्या की रात्रभर खिडकीत उभे असतात. जेवत नाही, ऑफिसच्या मीटिंगमध्ये नाव पुकारलं तरी बोलत नाही. सहाव्या दिवशी त्याच्या दारात उभं राहून, बूट काढता काढता, मी म्हणून गेलो, "अरे, मोरिता-सानचा फोन आला होता. आपण निघालो आणि पाचच मिनिटांत कावळा आला. शिवला. त्याने स्वतः पाहिलं." मोरिता-सानकडे माझा नंबरसुद्धा नव्हता. कमळ्या तिथेच, दाराजवळच्या चपलांच्या कट्ट्यावर बसला आणि भिंतीला डोकं टेकून झोपला. आम्ही त्याला अंथरुणापर्यंत नेलं. सोळा तास झोपला होता.

आयुष्यात मी पुष्कळ घोटाळे केले आणि त्यातले बहुतेक रंगवून सांगून त्यांवर जेवणंही उकळली. हा एक मी कोणालाच सांगितला नाही. पुढच्या वसंतात कमळ्याने विचारलं, "चल, तळं उघडलंय." तिथे मोरिता-सान असणार. सहज विषय निघणार. मी म्हटलं, पाठ धरलीय. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघा. तिसऱ्या वर्षी, मला वाटतं, मी चक्कर येते असं सांगितलं. चौथ्या वर्षी त्यानेच माझं काम सोपं केलं. "यंदा काय दुखतंय पंत? पाठ ना?" तो हसत होता. मीही हसलो आणि हो म्हणालो. चार वसंत तो एकटा गेला. हा पाचवा उघडायच्या आत तो गेला.

वहिनी आणि मिहिका अस्थी घेऊन अर्नाळ्याला गेल्या. दहाव्याला कावळा लगेच शिवला, असं मधूने फोनवर सांगितलं. परत आल्यावर वहिनींनी माश्यांची एक चपटी पत्र्याची पेटी आणि काठी माझ्या हातात दिली. "तुम्हीच न्या. मला घरात बघवत नाही." आणि मे महिन्यात, पाठ, गुडघा आणि चक्कर सगळं घेऊन, मी तळ्यावर गेलो.

मोरिता-सान आणखी वाकलाय. मी कमळ्याची बातमी सांगितली तेव्हा त्याने टोपी काढली आणि बराच वेळ ती हातात फिरवत राहिला. मग मी त्या दिवसाचं विचारलं. म्हणाला, "कावळा आला नाही. संध्याकाळी मीच तो भात ओढ्याच्या तोंडाशी पाण्यात सोडला. नियम मोडून. मासे वर आले. एक दाणा राहिला नाही." मी विचारलं, हे तांडेल-सानला माहीत होतं? "हो तर. पुढच्याच वर्षी विचारलं त्यांनी, मी सांगितलं. म्हणाले, माझ्या आईने आयुष्यभर माशांवर घर चालवलं, तिचा घास माशांनीच घ्यायचा होता... तुमचं मी नेहमी विचारायचो. मित्राची पाठ फार दुखते म्हणायचे."

मी पाण्यात उतरलो. कमळ्याच्या पेटीतली पहिली माशी बांधली आणि ओढ्याच्या तोंडाशी टाकली. दहाच मिनिटांत दोरीतून हाताला ठक् लागलं, आणि गेलं. मी स्वतःला शिव्या दिल्या. परत टाकली. परत ठक्, परत गेलं. माशी बदलली. पुन्हा तेच. मासे येत होते, धरत होते, आणि माझ्या हातून एकेक निसटत होते. आयुष्यात पहिल्यांदा एवढे मासे माझ्याकडे आले आणि मला त्यातला एकही लावता येईना, हे कमळ्याला सांगायला किती आवडलं असतं असं मनात आलं. सातव्या वेळी मी माशी सोडवून तळहातावर घेतली आणि चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेली. काळी पिसं जागच्या जागी होती, दोरा घट्ट होता, वर लाखेचा थेंबही नीट बसलेला होता. गळाचा वाक तेवढा नव्हता. पक्कडीने तोडलेला. आणि तोडलेलं टोक कानशीने घासून, घासून गुळगुळीत केलेलं, माशाच्या ओठाला साधा ओरखडाही येऊ नये इतकं. मी पेटी उघडली. ओळीने सगळ्या बघितल्या. साठ-सत्तर तरी असतील. एकीलाही टोक नव्हतं.

गाठ पुन्हा मारायला मला पाऊण तास लागला. मग मी माशी टाकली आणि मोठ्याने, मराठीत, त्या पाण्याकडे बघून म्हणालो, "कमळ्या, फोन आलाच नव्हता रे." दोरी बोटांत धरून इंच इंच ओढत राहिलो. पुन्हा टाकली, पुन्हा म्हणालो, कावळ्याची पाहतात तशी वाट पाहिली. काठावरून मोरिता-सान बघत होता. तोपर्यंत दर दहा मिनिटांनी येत होते ते मासे... पण त्यानंतर संध्याकाळपर्यंत हाताला काही लागलं नाही.